लढाई संपल्यावर कलेचं काय होतं? सातारा-सांगलीतून वारंवार येणारे प्रश्न

सुट्टीच्या दिवशी मी शाळेतल्या मुलांना, कधी त्यांच्या शिक्षकांना घेऊन किकली, वाई, मेणवली, औंध, मिरज असा फेरा करतो. माणसं घरी पोचली की प्रश्न यायला लागतात. दर वर्षी माणसं नवी असतात, पण प्रश्न बरेचसे तेच असतात. म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न घेतले आहेत आणि अडचणीचे पुढे. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. युद्धामुळे कलेची शैली बदलते, म्हणजे नेमकं काय बदलतं?

सगळ्यात आधी पैसे देणारा हात बदलतो. सूर, रंग, कोरीवकाम हे सगळं त्याच्यामागून बदलतं. लढाई चालू असताना कारागीर सहसा जुन्याच पद्धतीनं काम करत राहतो, कारण सवय त्याच्या हातात मुरलेली असते. मग तह होतो, कुणाची जहागीर जाते, कुणाला नवी मिळते, फौजा मोडतात. कालपर्यंत ज्याच्या दारात काम होतं ते दारच बंद झालेलं असतं. कारागीर दुसरं दार शोधतो, आणि त्या दुसऱ्या दारातल्या माणसाची आवड वेगळी असते. शैली बदलते ती या ठिकाणी.

म्हणून मी मुलांना सांगतो, लढाईची तारीख पाठ करा, पण कला बघायची असेल तर त्यानंतरची दहा-वीस वर्षं बघा. साताऱ्यात १७०७ नंतर काय बांधलं गेलं आणि मिरजेत १८१८ नंतर काय घडवलं गेलं, हे पाहिलं की बरंच उलगडतं.

२. तुम्ही सातारा आणि सांगली एकत्र का धरता?

कारण १९४९ पर्यंत आजच्या सांगली जिल्ह्यातला मोठा भाग सातारा जिल्ह्यातच होता. त्या वर्षी ‘दक्षिण सातारा’ वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. सांगली-मिरज ही पटवर्धनांची संस्थानं होती, ती विलीन होऊन त्यात आली. जुन्या पुस्तकात लावणीकार पठ्ठे बापूराव ‘सातारा जिल्ह्यातले’ असतील आणि नव्या पुस्तकात ‘सांगलीचे’, तर दोन्ही बरोबर आहे.

३. आमच्या देवळाबाहेर कोरीव दगड पडलेत. तीन-चार कप्पे आहेत, घोडा आहे, वर पिंड आहे. हे काय आहे?

हे वीरगळ. लढताना मेलेल्या माणसाचं स्मारक. वाई तालुक्यात किकलीला भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात ते एवढ्या संख्येनं उभे आहेत की पहिल्यांदा गेलेला माणूस बोलायचा थांबतो.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळच्या कप्प्यात वीर पडलेला किंवा लढताना दिसतो. कधी तिथे गाईगुरं असतात, म्हणजे तो गोधन सोडवताना मेला. त्याच्या वरच्या कप्प्यात अप्सरा त्याला हात धरून वर नेत असतात. सर्वांत वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला असतो. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य आहेत तोवर याचं नाव राहील, असा त्याचा अर्थ. गंमत अशी की बहुतेक दगडांवर नाव कोरलेलंच नाही. गावाला ते ठाऊक होतं, त्यामुळे लिहायची गरज कुणाला वाटली नसावी.

शेजारी कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला एकच हात कोरलेला दगड असेल तर ती सतीशिळा आहे. दोन्ही एकमेकांजवळ सापडतात. मुलांना ती दाखवताना मी घाई करत नाही, कारण लढाईची किंमत तिथे दुसऱ्या बाजूनं दिसते.

शैलीचा फरक डोळ्यांनी पाहता येतो. यादवकाळापर्यंतच्या चांगल्या वीरगळांत खोली आहे, घोड्याची मान वळलेली आहे, अप्सरेच्या कमरेला बाक आहे. त्यानंतरचे बरेच दगड उथळ कोरलेले आणि आकृत्या ठोकळ. याचा अर्थ कारागिरांची बुद्धी कमी झाली असा नाही. मोठी देवळं बांधणं थांबलं तेव्हा मूर्तिकामात मुरलेले हातही पांगले, आणि स्मारक गावच्या पाथरवटाकडे आलं.

४. मग वीरगळाची प्रथा संपली का?

दगडाचा तो नमुना संपला. गरज संपली नाही. सातारा तालुक्यातलं अपशिंगे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले आणि त्यांच्या स्मरणार्थ इंग्रज सरकारनं तिथे शिळा बसवली. त्या शिळेवर अप्सरा नाहीत, पिंड नाही. आकडा आहे. आज जिल्ह्यात कुठेही जा, वेशीजवळ जवानाचा अर्धपुतळा दिसतो, टोपी, छातीवरची पदकं, खाली जन्म-मृत्यूच्या तारखा. माझ्या मते तो वीरगळाचाच वारस आहे. फरक एवढाच की पूर्वी तो मेल्यावर कुठे गेला ते कोरायचे, आता तो कोण होता ते कोरतात.

५. हेमाडपंती देवळं आणि वाई-माहुलीची देवळं इतकी वेगळी का दिसतात?

मधल्या चारशे वर्षांमुळे. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला आणि १३१८ पर्यंत यादवांचं राज्य संपलं. चुन्याशिवाय दगडात दगड बसवून उभी केलेली ती हेमाडपंती देवळं ज्या खजिन्यातून होत होती तो खजिनाच गेला. पुढे बांधकाम चालू राहिलं ते बहामनी आणि आदिलशाही अमलात. तिथे कमान होती, घुमट होता, वीट-चुना होता, गिलाव्यातली नक्षी होती. आपले गवंडी, पाथरवट पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आले.

मराठ्यांच्या हाती सत्ता आणि स्वास्थ्य आलं तेव्हा त्यांनी देवळं पुन्हा बांधायला घेतली, पण बांधणारे हात हे असे होते. म्हणून वाईच्या, माहुलीच्या देवळांत खाली काळा पाषाण, वर वीट-चुन्याचं शिखर, त्यात कोनाडे आणि गिलाव्यातल्या मूर्ती, मंडपाला पाकळ्यांच्या कमानी, समोर दीपमाळ, असं सगळं एकत्र नांदतं. हे पुनरुज्जीवन आहे, पण जुन्याची नक्कल नाही. ज्यांच्याशी लढले त्यांचीच कमान देवळाला लावताना त्या लोकांना काही अवघड वाटल्याचं दिसत नाही. ती तोवर आपली झाली होती.

सत्तावीस वर्षांचं युद्ध १७०७ मध्ये औरंगजेबाच्या मृत्यूनं थांबलं. त्याआधी १६९९ च्या डिसेंबरात तो स्वतः साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. एप्रिल १७०० मध्ये किल्ला पडला आणि त्याचं नाव आझमतारा झालं. त्याच अजिंक्यताऱ्यावर जानेवारी १७०८ मध्ये शाहू महाराजांना राज्याभिषेक झाला. पुढे बारा वर्षंही झाली नाहीत तोच लिंब गावी शाहू महाराजांच्या घरातल्या वीरुबाईंनी बारा मोटेच्या विहिरीचं काम सुरू केलं. १७१९ ते १७२४ हा तिचा काळ. एकाच वेळी बारा मोटा चालतील अशी विहीर आणि तिच्याच पोटात बसा-उठायचा छोटा महाल. लढाईत माणूस असं बांधत नाही. उद्याही आपण इथेच असणार, ही खात्री लागते. मला ती विहीर साताऱ्यातल्या कुठल्याही विजयस्तंभापेक्षा मोठी वाटते.

६. पण पानिपतानंतर लगेचच वाईला ढोल्या गणपतीचं देऊळ झालं. मग हे तुमच्या उत्तरात कसं बसतं?

नीट बसत नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न मला आवडतो. पानिपत जानेवारी १७६१ मधलं. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं. रास्ते म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाईंचं माहेर, आणि गोपिकाबाईंचा मुलगा विश्वासराव पानिपतावर पडलेला. म्हणजे ज्या घराला सर्वांत जवळून झळ लागली त्याच घरानं वर्षभरात हे देऊळ उभं केलं.

हरलेली लढाई आणि मोडलेली सत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे समजतं. पानिपतात माणसं गेली, पण रास्त्यांची सरदारी आणि पैसा वाईत शाबूत होता. आश्रय टिकला म्हणून शैलीही टिकली. देवळाची मागची भिंत नदीकडून बघा. पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून तिला माशासारखा निमुळता आकार दिला आहे. कृष्णेच्या पुराचा एवढा विचार केलेला आहे, पण पानिपताची खूण मला त्या देवळात कुठेही सापडलेली नाही.

७. मेणवलीच्या घाटावरच्या घंटेवर येशूची आई कशी?

ती पोर्तुगीज घंटा आहे, चर्चमधली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या घंटा लूट म्हणून देशावर आल्या. एक मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर आहे, एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात, एक भीमाशंकरला. घंटेवर मेरी आणि बाळ येशूची आकृती आहे. ती कुणी घासून काढली नाही, हे आवर्जून सांगण्यासारखं आहे. मेणवलीला जाल तर वाड्यातली भिंतीवरची चित्रंही बघा. पण हात लावू नका, रंग पिठासारखा सुटतो.

८. पोवाडा लढाईतूनच जन्मला का?

वीराची स्तुती गाणं त्याहून जुनं आहे. गोंधळी, भाट हे आधीपासून होतेच. पण ज्याला आपण आज पोवाडा म्हणतो त्याचा पहिला ठसठशीत नमुना अफझलखानाच्या वधाचा, अज्ञानदासाचा. त्याला अग्निदास असंही म्हणतात. घटना प्रतापगडाच्या पायथ्याची, १० नोव्हेंबर १६५९ ची, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली. दुसरा तुळशीदासाचा, सिंहगड आणि तानाजीचा.

या पोवाड्यांची भाषा ऐका. माणसांची नावं, गावांची नावं, कोण कुठून निघाला, बरोबर किती लोक होते. अलंकार थोडे, कारण ऐकणाऱ्याला बातमी हवी होती. त्यातला बराच श्रोतृवर्ग स्वतः त्या स्वारीत होता किंवा त्याच्या घरचं कुणीतरी होतं. चूक केली असती तर शाहिराला जागेवर कुणीतरी अडवलं असतं. लढाईनं पोवाड्याला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही नेमकेपणाची शिस्त आहे. वीररस त्याच्यानंतर येतो.

९. तेच शाहीर शृंगारिक लावण्या कसे लिहायचे? आणि १८१८ नंतर त्यांचं काय झालं?

दोन प्रश्न नेहमी जोडीनंच येतात. उत्तरही जोडलेलं आहे.

उत्तर पेशवाईत फौजेला महिनोन्‌महिने छावणीत राहावं लागे, आणि छावणीतल्या माणसाला संध्याकाळी घराची आठवण येते. विरहाची लावणी तिथे पिकली. स्वारीवर गेलेल्या नवऱ्याची वाट बघणारी बाई हा लावणीतला नेहमीचा विषय आहे, आणि तो युद्धाचाच विषय आहे, फक्त माजघरातून पाहिलेला. अनंत फंदी खर्ड्याच्या १७९५ च्या लढाईचा पोवाडाही रचतात आणि लावणीही. राम जोशी, होनाजी बाळा, प्रभाकर, परशराम, सगनभाऊ हे सगळे याच काळातले. सगनभाऊ तर शिकलगार, हत्यारांना धार लावणाऱ्या घरातले. शिकलगार हा शब्द लक्षात ठेवा, प्रश्न १२ मध्ये तो पुन्हा येईल.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली, सरदारांच्या फौजा मोडल्या आणि बिदागी देणारे हातच उरले नाहीत. पोवाड्याला विषय उरला नाही, लावणीला दिवाणखाना उरला नाही. तमाशाचे फड गावोगावच्या जत्रेत गेले. जत्रेतला प्रेक्षक वेगळा. त्याला उभ्यानं रात्रभर बघायचं असतं आणि एक गोष्ट हवी असते. म्हणून लावण्यांच्या मधे गोष्ट घालून वग उभा राहिला. वगाची सुरुवात तासगावजवळच्या सावळजच्या तमासगिरांशी जोडली जाते. पुढे वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षला १८६६ मध्ये श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जन्मले. घरदार, जात सगळं मागे टाकून ते पठ्ठे बापूराव झाले. सांगलीजवळच्या कवलापुरातून पुढे शिवा-संभा आणि काळू-बाळूंचे फड निघाले.

छावणी गेली म्हणून लावणी मेली असं आपण म्हणतो, तेव्हा सावळज, रेठरे, कवलापूर ही नावं विसरतो. कला शहरातून उठून आपल्या गावांत राहायला आली होती.

१०. पोवाड्याचं पुनरुज्जीवन कुणी केलं?

एकदा झालं नाही, निदान तीनदा झालं, आणि प्रत्येक वेळी कारण वेगळं होतं.

पहिलं १८६९ मध्ये जोतीराव फुल्यांनी. त्यांच्या घराण्याचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. त्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला आणि त्यात महाराजांना ‘कुळवाडीभूषण’ म्हटलं. फौज मोडून पन्नास वर्षं झाली होती. ऐकणारा आता शिपाई नव्हता, शेतकरी होता. फुल्यांनी साचा तोच ठेवला आणि त्यातला नायक रयतेच्या बाजूनं उभा केला.

दुसरं १९४२ नंतर. साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं तेव्हा शाहीर निकम यांच्यासारखे शाहीर गावोगाव डफ घेऊन फिरले. कमी खर्चातल्या गांधी लग्नांत जमलेल्या माणसांसमोर पोवाडे होत. वर्तमानपत्र पोचत नव्हतं तिथे पोवाडा पोचत होता, म्हणजे तो पुन्हा बातमीच्या कामाला लागला होता.

तिसरं त्याच सुमारास, वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांकडून. त्यांचा स्टालिनग्राडचा पोवाडा १९४३ मधला. व्होल्गाकाठची लढाई, आणि ती गाणारा वाळवा तालुक्यातून मुंबईला चालत गेलेला मजूर. अनेकांना हा विषय ओढूनताणून आणलेला वाटतो. मला तसं वाटत नाही. गिरणगावातल्या कामगाराला ती लढाई आपल्या पोटाशी जोडलेली वाटत होती, आणि अण्णाभाऊंना गर्दीला उभं करणारी चाल लहानपणापासून ठाऊक होती. १६५९ चा साचा १९४३ च्या लढाईला पुरला, याहून मोठा पुरावा या शैलीच्या ताकदीचा दुसरा कुठला देणार?

११. मराठी नाटक सांगलीत सुरू झालं, त्याचा युद्धाशी काय संबंध?

थेट लढाईशी नाही. लढाई थांबण्याशी आहे. पटवर्धन हे लढणारं घराणं. हैदर आणि टिपूविरुद्धच्या स्वाऱ्यांत त्यांची माणसं खर्ची पडली. १८०१ मध्ये मिरजेतून फुटून सांगली वेगळी झाली, तिचे पहिले अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब तरुणपणी स्वतः रणांगणावर होते. १८१८ नंतर इंग्रजी अमलात संस्थानिकाला स्वारीवर जायचं कारणच उरलं नाही. दरबार होता, उत्पन्न होतं, मान होता.

१८४२ मध्ये कर्की गावच्या भागवत मंडळींनी सांगलीत कानडी यक्षगानाचा खेळ केला. तसं काही मराठीत व्हावं असं आप्पासाहेबांच्या मनात आलं आणि त्यांनी विष्णुदास भाव्यांना सांगितलं. ५ नोव्हेंबर १८४३ ला ‘सीतास्वयंवर’ झालं. तो दिवस आपण रंगभूमी दिन म्हणून पाळतो.

१८५१ मध्ये आप्पासाहेब गेले आणि दरबारचा आधार तुटला. भावे मंडळी घेऊन बाहेर पडले आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केला. राजाच्या खुर्चीसमोरचं नाटक दहा वर्षांत तिकीट काढलेल्या माणसासमोर गेलं. आश्रय बदलला की काय होतं ते प्रश्न १ मध्ये सांगितलं. सांगलीत ते एका माणसाच्या आयुष्यात घडलेलं दिसतं.

१२. मिरजेचे सतारमेकर पूर्वी तलवारी बनवायचे हे खरं आहे?

मूळचे शिकलगार हे खरं. शिकलगाराचं काम मुख्यतः हत्याराला धार लावणं, पाणी चढवणं, दुरुस्त करणं. १८१८ नंतर हत्याराचं काम आटत गेलं. १८५० च्या सुमारास मिरजेत फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या घरच्यांनी तंतुवाद्यं हातात घेतली. मिरजेच्या पटवर्धनांना गाण्याची आवड होती, गवई-बीनकार येत-जात, वाद्यं बिघडत. बिघडलेलं वाद्य दुरुस्त करायला नाजूक हात लागतो, तो शिकलगाराकडे होता. दुरुस्तीतून घडवणं आलं. पुढे १८७८ चा शस्त्रांचा कायदा आला आणि मागे फिरायची वाटच राहिली नाही. शिकलगारांचे सतारमेकर झाले, आडनावसुद्धा बदललं.

गल्लीत जाऊन जवारी काढताना एकदा तरी बघा. घोडीचा, म्हणजे ज्या पट्टीवरून तारा जातात तिचा, वरचा पृष्ठभाग कानशीनं इतका किंचित उतरता करायचा की तार कंप पावताना त्याला पुसटशी घासत राहील. त्या घासण्यातूनच तंबोऱ्याचा तो भरून राहणारा आवाज येतो. केसभर जास्त घासलं तर आवाज बसतो, कमी घासलं तर तार कोरडी बोलते. कारागीर दोन ओढा देतो, तार छेडतो, कान लावतो, परत दोन ओढा. पात्यावर बोट न लावता धार ओळखणारे हात आणि डोळे दोन पिढ्यांनी हे काम करायला लागले. युद्धानं शिकवलेलं कसब युद्ध संपल्यावर कुठे जातं, असं कुणी विचारलं की मी मिरजेकडे बोट दाखवतो.

भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. नदीकाठच्या त्या शेतात हे मोठे कडू भोपळे मुद्दाम वाढवतात. लाकूड तुणीचं. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत येऊन राहिल्यावर वाद्य घडवणाऱ्याच्या दारातच ते पारखणारा कान आला. ते १९३७ मध्ये गेले. मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला अजून त्यांच्या नावानं गाणं होतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आता स्पर्धा आहे ती खिशातल्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची. या वेळचा फटका युद्धाचा नाही, पण आश्रय कमी होण्याचा आहे, आणि तो मला जास्त काळजीचा वाटतो.

१३. लेझीम हे शस्त्र होतं का?

शस्त्र नाही, सरावाचं साधन. फारसीत लेझम म्हणजे साखळी लावलेलं जड धनुष्य. ते ओढून धनुर्धाऱ्याचे खांदे तयार करत. तालमीत ते व्यायाम म्हणून राहिलं आणि तिथून मिरवणुकीत आलं. आजही लेझमीचा आकार बघितला की धनुष्य ओळखू येतं.

१४. औंधच्या संग्रहालयात परदेशी शिल्प आहे. त्याचा इथे काय संबंध?

ते हेन्री मूर यांचं ‘आई आणि मूल’. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, त्यांनी १९३८ मध्ये हे संग्रहालय उघडलं. मूर पहिल्या महायुद्धात सैनिक होते, १९१७ मध्ये कांब्रेच्या लढाईत विषारी वायूनं जखमी झाले. सुटलेल्या सैनिकांसाठीच्या मदतीवर कलाशिक्षण घेतलं. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या भुयारी रेल्वेत रात्री आसरा घेतलेल्या माणसांची त्यांनी रेखाटनं केली. दगडातलं एकमेकांना बिलगलेलं आई-मूल पाहताना हे माहीत असलेलं बरं. तिथून किकलीच्या सतीशिळेपर्यंत (प्रश्न ३) एका दिवसात जाता येतं. दोन्ही दगड एका दिवसात पाहिलेली मुलं परतताना गाडीत गप्प असतात.

१५. पुनरुज्जीवन केलेली कला खरी मानायची का? ती तर नक्कलच ना?

पोलंडमधल्या वॉर्सा शहराचा जुना भाग १९४४ मध्ये जर्मनांनी जमीनदोस्त केला. लोकांनी तो परत बांधला. आधाराला बेलोत्तो या अठराव्या शतकातल्या चित्रकारानं काढलेली शहराची चित्रं होती. विटा नव्या, आकार जुना. १९८० मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा मानलं, आणि मानलं ते पुन्हा उभारण्याच्या त्या कामासाठीच.

आपल्याकडे विष्णुदास भाव्यांनी बनवलेल्या लाकडी बाहुल्या बरीच वर्षं मोडक्या अवस्थेत पडून होत्या. बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या रामदास पाध्यांनी त्या दुरुस्त केल्या आणि पुन्हा हलवल्या. सांधे नवे आहेत, म्हणून त्या खोट्या का?

माझा निकष एवढाच आहे. ती गोष्ट आज कुणाच्या कामाची आहे का? फुल्यांचा पोवाडा कामाचा होता, अण्णाभाऊंचाही. फक्त फेटा बांधून फोटोपुरता धरलेला डफ मला खरा वाटत नाही, मग चाल कितीही जुनी असो. यावर माझ्याशी मतभेद असणारे मित्र आहेत. त्यांचं म्हणणं, आधी सांभाळा, काम आपोआप सापडेल. तेही अगदी टाकाऊ नाही. भाव्यांच्या बाहुल्या कुणीतरी सांभाळल्या म्हणूनच दुरुस्त करता आल्या.

१६. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी कारगिलवर पोवाडा लिहितोय. जुनी चाल चालेल का?

चालेल. अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडला लावली, तुम्ही कारगिलला लावा. डफ, तुणतुणं, मागे ‘जी जी रं जी’ म्हणणारे दोन-तीन झीलकरी आणि मधे गद्यात निवेदन, एवढ्यावर उभा राहतो. चौक, म्हणजे पोवाड्याची कडवी, चढत्या गतीनं ठेवा आणि शेवटी रचणाऱ्याचं नाव गुंफा.

पण तलवारी, ढाली, भवानीमाता हे सगळं टायगर हिलवर नेऊन ठेवू नका. मुलांच्या संहितेत हे हमखास येतं. तिथे उंची होती, थंडी होती, तोफांचा मारा होता. तेच लिहा. अज्ञानदासाकडून घ्यायचं असेल तर त्याचा नेमकेपणा घ्या (प्रश्न ८). आणि तुमच्या तालुक्यातल्या जवानाचं नाव घालणार असाल तर आधी त्यांच्या घरी जा. वाचून दाखवा. आई-वडील नको म्हणाले तर नाव काढा, आग्रह धरू नका.

१७. आमच्या गावच्या वीरगळांना शेंदूर फासलाय, दोन रस्त्याच्या भरावात गेलेत. आम्ही मुलांनी ठरवलंय की स्वच्छ करून एका रांगेत चौथऱ्यावर बसवायचं. करू का?

घाई करू नका. तारेच्या ब्रशनं, अॅसिडनं किंवा ग्राइंडरनं शेंदूर काढला तर त्याखालचं कोरीवकाम जातं आणि ते परत येत नाही. ऑइलपेंटही लावू नका. शेंदूर लावणारी माणसं त्या दगडाला देव मानतात, म्हणून तो आजवर राहिला. त्यांना बाजूला सारून काही करायला जाऊ नका, त्यांना बरोबर घ्या.

जागेवरून हलवायच्या आधी तो नेमका कुठे, कुठल्या दिशेला तोंड करून उभा होता ते वहीत लिहा. जागा गेली की अर्धा इतिहास जातो. भरावात गेलेल्या दोघांची माहिती ग्रामपंचायतीला आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याला लेखी द्या, खणायला स्वतः जाऊ नका. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की त्या दगडाला काय नावानं हाक मारतात. पुष्कळदा ते नाव वीराचं नसतं, पण कुळाचं निघतं.

आणि फोटो सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर काढा. ऊन तिरपं पडलं की दुपारी सपाट दिसणाऱ्या दगडावर घोड्याचे पाय, हातातली ढाल आणि वरचा चंद्र वेगवेगळे दिसायला लागतात. शेजारी मोजपट्टी ठेवा, आणि एक फोटो मागच्या बाजूचाही काढा.